डावी बाजू

दवाखान्यातून आणलं त्या रात्री
नान्नांनी अर्धीच भाकरी खाल्ली.
अर्धी म्हणजे उजवी.
मधोमध सरळ रेघ, टॉवेल कापावा तशी,
पलीकडचा अर्धा चंद्र तसाच कडक होत गेला.
अम्मा म्हणाली, भूक मेली.
भूक मेली नव्हती. ती ताट उचलायला लागली
तर म्हणाले, "आज एवढंच केलीस?"

हत्तुरे मॅडमनी घड्याळ काढायला लावलं.
गोल नीट आला. मग बाराच्या बारा आकडे
उजवीकडे कोंबले,
कन्ना चौकातल्या रिक्षात शाळेची पोरं कोंबतात तसे.
डावीकडे काहीच वाजत नव्हतं.
"डोळे चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या,
"मेंदू तिकडे जायचं विसरलाय.
बोलावत राहायचं. येईल.
किती येईल ते मी सांगणार नाही."

मग बोलावणं सुरू.
पेपरच्या डाव्या कडेला लाल सूत चिकटवायचं,
आधी सूत सापडू दे, मगच अक्षर.
चादरीची चौघडी घालून त्यावर अनवाणी उभं राहायचं,
डोळे मिटून वीस आकडे.
सातालाच तोल जायचा, आणि मी कंबर धरायचे
जी मी कधी धरली नव्हती.
अंगठ्यामागे नजर न्यायची, मान न हलवता.
नाकापर्यंत यायची, तिथून परत.
"अर्ध्यात धोटा अडकतोय," मी म्हटलं.
मॅडमना ते फार आवडलं.
"म्हणजे मेंदू मागासारखाच की, राजमल्लूकाका!"

नान्ना भडकले.
"मागाचा धागा तुटला तर मला दिसतो.
इथं काय तुटलंय ते मलाच दिसंना.
कसला माग?"
मॅडमनी वही मिटली. त्या दिवशी
पुढचा व्यायाम झाला नाही.

घरी प्रत्येकाचं औषध वेगळं.
मामाने बदाम आणले, समोरच्या गाजुलकाकूंनी तेल,
कुणी मोबाइलमध्ये टिकटिक भरून दिली.
मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि ठेवलं तेवढंच:
जर्दा बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. दहाला झोप.
पहाटे सिद्धेश्वर तळ्याकाठी चालायचं,
पाणी डाव्या हाताला ठेवून.
पहिले कित्येक दिवस ते
तळं नसलेल्या तळ्याकाठी चालले.

"आणि तुम्ही," मॅडम अम्माला म्हणाल्या,
"डावीकडे बसायचं. जे काय बोलायचं ते तिकडून."

एकतीस वर्षं अम्मा त्यांच्या उजवीकडे बसली,
दाराशी, उजेडाला, मांडीवर सूप घेऊन.
त्या संध्याकाळी सूप, कात्री, पानांचा गठ्ठा
सगळं कोपऱ्यात गेलं.
तिथं अंधार. बिड्या वाकड्या व्हायला लागल्या,
कारखान्यात छाट वाढली, आठवड्याचे पैसे कमी आले.
कुणाला बोलली नाही. मी पासबुकात पाहिलं.

कात्री पानातून जायची. कर्र. कर्र.
मधेच, "इटु चूडु," ती म्हणायची,
इकडं बघा.
ते छताकडे बघायचे. पंख्याकडे. माझ्याकडे.
आवाज कुठून येतो ते शोधायचे,
नेमकं ती नाही तिथे.

चैत्र भाजत होता. दुपारी पत्रा तडतडत होता.
नान्ना जेवता जेवता थांबले.
मान वळली, गंजलेल्या बिजागरीसारखी,
थोडी, अजून थोडी.
बोट भाकरीच्या रेघेवर आलं
आणि ओलांडून गेलं.
मिठाला लागलं. लिंबाच्या फोडीला.
मग शेंगाचटणीत.

चाखली.
"लसूण कमी पडलाय."

"दीड महिना तीच वाढायलेय," अम्मा म्हणाली,
सुपातून डोळे न काढता.

तेव्हा ते तिच्याकडे बघत राहिले,
सूप, कात्री, तंबाखूने पिवळी झालेली बोटं.
"तू इथं कधीपासून बसायलीस?"

अम्माने दोरा दाताने तोडला.
"गप जेवा. आकडा चुकतोय माझा."

पाव भाकरी ताटात राहिलीच.